युद्धस्मृतीचा क्षय आणि भाषा : चांदा व गडचिरोली प्रदेशातील तीन प्रसंग

१. प्रश्नाचे स्वरूप

गोंदियाहून नागभीडमार्गे बल्लारशाहकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘चांदा फोर्ट’ या नावाचे एक स्थानक आहे. जिल्ह्याचे व शहराचे अधिकृत नाव चांदा बदलून चंद्रपूर झाले, त्याला अनेक दशके लोटली. तथापि स्थानकाच्या पाटीवर ‘चांदा’ही आहे आणि ‘किल्ला’ही आहे. बोलण्यात ‘चांद्यापासून बांद्यापर्यंत’ हा शब्दप्रयोग अजून सर्व महाराष्ट्रभर रूढ आहे. इतके असूनही, ज्या किल्ल्याचे नाव त्या पाटीवर आहे त्या किल्ल्याच्या तटाला मे १८१८ मध्ये खिंडार पडले, इंग्रजी फौज आत शिरली आणि आतील शेकडो माणसे मारली गेली, ही हकीकत त्या स्थानकावर उतरणाऱ्या फारच थोड्या प्रवाशांना ठाऊक असते. नाव उरले आहे. नावाखालची घटना गेली आहे.

युद्धकाळातील दुःखद घटनांचे लोकस्मरण कालांतराने क्षीण होते, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. सामान्यतः हा काळाचाच परिणाम मानला जातो. जितकी घटना जुनी, तितकी तिची आठवण पुसट, असा सरळ हिशेब मांडला जातो. परंतु हा हिशेब प्रत्यक्षात जुळत नाही. चांदा व गडचिरोली या एकाच अरण्यप्रदेशात, सव्वाशे वर्षांच्या आत घडलेल्या तीन घटना घेतल्या तर त्यांची स्मृती तीन अगदी भिन्न वाटांनी गेलेली दिसते. पहिली घटना १८१८ ची, म्हणजे चांद्याच्या किल्ल्याचा पाडाव. ती जवळजवळ पूर्ण विस्मृत झाली. दुसरी १८५८ ची, म्हणजे बाबूराव शेडमाके यांचा उठाव व फाशी. ती शंभराहून अधिक वर्षे छापील मराठीच्या कडेला राहून नंतर मोठ्या तेजाने पुढे आली. तिसरी १९४२ ची, म्हणजे चिमूरची. तिचा दिवस पंचांगासारखा पक्का झाला, पण तिच्यातला सर्वांत वेदनामय भाग मात्र मुका राहिला.

स्मृती केवळ काळाने झिजत नाही. तिला वाहून नेणारी माणसे, भाषा, स्थळे आणि दिवस यांची साखळी जेथे तुटते तेथे ती झिजते. हा तुटण्याचा क्षण इतिहासग्रंथांत दिसण्यापूर्वी बोलीच्या व्याकरणात दिसू लागतो. या दृष्टीने वरील तीन प्रसंगांचा विचार येथे केला आहे.

२. स्मृतीचे व्याकरण

सामूहिक स्मृतीचा शास्त्रीय विचार फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स याच्या १९२५ च्या ग्रंथापासून सुरू झाला असे मानतात. मनुष्य एकटा आठवत नाही. कुटुंब, जात, धर्म, गाव अशा एखाद्या समूहाच्या चौकटीत तो आठवतो, आणि चौकट मोडली की आठवणही ढासळते, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. हाल्बवाक्स स्वतः १९४५ साली बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत मरण पावला. पुढे यान आसमान या जर्मन पंडिताने या विचारात एक महत्त्वाचा भेद केला. बोलण्यातून चालणारी स्मृती सुमारे ऐंशी ते शंभर वर्षे, म्हणजे तीन ते चार पिढ्या टिकते. त्यापुढे जे टिकते ते विधी, ग्रंथ, स्मारक, सण अशा संस्थांच्या आधाराने टिकते. मध्य आफ्रिकेतील मौखिक परंपरांचा अभ्यास करणाऱ्या यान व्हान्सिना याला असे आढळले की, परंपरेत अगदी अलीकडचे आणि अगदी आरंभीचे भरपूर सांगितले जाते, मधला काळ मात्र रिकामा असतो. पिढ्या पुढे सरकतात तसा हा रिकामा पट्टाही पुढे सरकतो.

मराठीच्या अभ्यासकाला या सिद्धान्तांना एक भाषिक पुरवणी जोडता येते. मराठीत ऐकीव माहिती दर्शविण्यासाठी ‘म्हणे’ हे अव्यय आहे. ‘तो आला’ आणि ‘तो आला म्हणे’ या दोन वाक्यांत घटना एकच, पण बोलणाऱ्याची जबाबदारी निराळी. एखाद्या आपत्तीचे कथन पिढ्यांतून कसे सरकते हे पाहू गेल्यास चार पायऱ्या दिसतात. पहिल्या पायरीवर प्रत्यक्षदर्शी असतो : ‘मी पाहिले.’ दुसऱ्या पायरीवर सांगणारा स्वतः साक्षी नसतो, पण साक्षीदाराचे नाते त्याला ठाऊक असते : ‘आमच्या आजीने पाहिले, ती सांगायची.’ तिसऱ्या पायरीवर साक्षीदाराचे नाव गळते आणि ‘म्हणे’ उरते : ‘इथे खूप माणसे मेली म्हणे.’ चौथ्या पायरीवर ‘म्हणे’ही जाते आणि कर्ताच नसलेले पाठ्यपुस्तकी वाक्य येते : ‘येथे लढाई झाली.’ वरवर पाहता चौथे वाक्य तिसऱ्यापेक्षा अधिक निश्चित वाटते. वस्तुतः त्याच्यामागे कोणीही साक्षीदार उभा नसतो. म्हणून वाक्य जसजसे निःशंक होते, तसतशी स्मृती पोकळ होत जाते, असे काहीसे चमत्कारिक विधान करावे लागते.

दुसरी खूण सर्वनामांची. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. द्राविड परिवारातील अनेक भाषांप्रमाणे गोंडीतही हा भेद आहे, आणि मराठीतील या भेदाचा संबंध द्राविड भाषांच्या सहवासाशी अनेक अभ्यासक लावतात. एखादे गाव आपल्यावर कोसळलेल्या संकटाविषयी बोलते तेव्हा ते ‘आम्ही’ म्हणते. तेच संकट राष्ट्राच्या किंवा एखाद्या मोठ्या समाजाच्या कथेत शिरते तेव्हा ‘आपण’ येते. जेथे दोन्ही नसतात, फक्त ‘ते’ असते, तेथे स्मृतीचा वारस उरलेला नसतो. ‘आम्ही’, ‘आपण’ आणि ‘ते’ या तीन सर्वनामांनी पुढील तीनही प्रसंगांची अवस्था मोजता येते.

३. १८१८ : वारसावाचून राहिलेला किल्ला

चांद्याचा परकोट मूळचा गोंड राजांचा. खांडक्या बल्लाळशहा याने शहर वसविले व कोटाचा पाया घातला, अशी परंपरा आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर ही चार मोठी द्वारे आजही शहरात उभी आहेत. १७५१ साली हे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. पण चांद्याची शिबंदी शरण आली नाही. दुसरा बाजीराव पेशवा याच दिशेने येत होता. एप्रिल १८१८ मध्ये कर्नल अॅडम्स याने पांढरकवड्याजवळ त्याची फौज उधळली आणि तो चांद्याकडे वळला. मे महिन्याच्या ऐन उन्हाळ्यात तोफांनी तटाला खिंडार पाडून २० मे रोजी इंग्रजांनी शहर हल्ला करून घेतले. किल्लेदार गंगासिंग याचा या झुंजीत अंत झाला.

तट उभा आहे, द्वारे उभी आहेत, घटनेची तारीख ग्रंथांत नोंदलेली आहे. तरीही ही स्मृती लोकांत उरली नाही. त्याची कारणे चौकटीच्या मोडण्यात आहेत. भोसल्यांच्या फौजांत अरब व उत्तर हिंदुस्थानी शिपायांचा मोठा भरणा असे. अशा शिबंदीतला शिपाई मेला तर त्याच्यासाठी रडणारे घर शेकडो कोसांवर असायचे. ज्या राजाच्या वतीने किल्ला लढविला गेला तो पदच्युत झाला. १८५३ साली तिसरा रघुजी वारल्यानंतर त्याचे राज्यही खालसा झाले. गोंडांच्या दृष्टीने हा कोट त्यांच्या पूर्वजांचा, पण १८१८ ची लढाई त्यांचे राज्य घेणाऱ्यांची होती. शहरातील मराठी रहिवाशाच्या दृष्टीने तट मोठा, पण तो गोंडराजांच्या वैभवाची खूण होता. अशा रीतीने त्या मे महिन्यातील मृतांना ‘आम्ही’ म्हणणारे कोणीच राहिले नाही.

तट हे स्मारक आहे हे खरे. पण दगड स्वतः काही सांगत नाहीत. दगडाकडे बोट दाखवून मुलाला कोणती गोष्ट सांगायची हे सांगणाऱ्या माणसावर अवलंबून असते. चांद्याच्या तटाकडे पाहून सांगितली जाते ती कथा कोट बांधल्याची, कोट पडल्याची नव्हे. एकाच स्थळावर दोन स्मृती असतील तर ज्या स्मृतीला जिवंत वारस आहे ती दुसरीला झाकून टाकते. स्थळ टिकले म्हणजे स्मृती टिकते हा समज या उदाहरणापुढे टिकत नाही.

४. १८५८ : दोन भाषांतील एक घटना

१८५७ च्या उठावाचे पडसाद या अरण्यात उशिरा उमटले. मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबूराव पुल्लेसुर शेडमाके यांनी गोंड व रोहिले यांची फौज जमवून मार्च १८५८ मध्ये राजगड परगण्यावर चाल केली. अडपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्या फौजेशी नांदगाव-घोसरीसह अनेक ठिकाणी चकमकी झाल्या. २९ एप्रिल रोजी प्राणहितेच्या काठी चुंचगोंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला होऊन गार्टलंड व हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. पुढे अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने बाबूरावांना पकडण्यात आले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. त्यांचे वय पंचविशीचे होते. व्यंकटराव बस्तरकडे निसटले. पण १८६० साली तेही हाती लागले. त्यांची अडपल्ली व घोटची गावे लक्ष्मीबाईंना देण्यात आली.

ही घटना लेखी परंपरेत आली ती सरकारी वृत्तान्तांतून. १८६९ च्या सुमाराचा मेजर लूसी स्मिथ याचा जमाबंदीचा अहवाल आणि १९०९ चे जिल्हा गॅझेटियर ही त्यातील प्रमुख साधने. या लेखनात दोन तारवाल्यांची नावे आहेत, अधिकाऱ्याचे नाव आहे, बक्षीस म्हणून दिलेल्या गावांचा हिशेब आहे. चकमकींत पडलेल्या गोंडांची नावे नाहीत. घटनेचे नामकरणही शासकाच्या बाजूचे आहे. ते ‘बंड’ आहे, आणि बंड हा शब्द मराठीत ज्याच्याविरुद्ध केले जाते त्याची सत्ता रास्त आहे हे आधीच गृहीत धरतो. ‘उठाव’ या शब्दात ते गृहीत नाही. ‘संग्राम’ या शब्दात त्याच्या उलट गृहीत आहे. एकाच घटनेसाठी दीडशे वर्षांत वापरलेले हे तीन शब्द ओळीने ठेवले की सांगणारे ‘ते’पासून ‘आम्ही’पर्यंत आणि ‘आम्ही’पासून ‘आपण’पर्यंत कसे आले हे दिसते.

दरम्यानच्या काळात स्मृती जिवंत राहिली ती मुख्यतः गोंडी भाषिक समाजात, कथा व गीतांच्या रूपाने. गोंड समाजाची वंशकथा व वीरकथा गाणारा परधान हा परंपरेने या स्मृतीचा रक्षक. ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ याने १९४० नंतरच्या दशकात शेजारच्या आदिलाबादमधील गोंडांचा जो अभ्यास केला, त्यात या गायन-परंपरेचे महत्त्व विस्ताराने आले आहे. मौखिक कथेची प्रकृती निराळी असते. तिच्यात तारखा गळतात, चकमकींचा क्रम विसरतो, पण अर्थ टिकतो. बाबूरावांच्या अंगी वनातील एका दुर्मिळ वस्तूच्या सेवनाने अलौकिक बळ आले होते आणि फाशीचा दोर पुन्हा पुन्हा तुटला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. इतिहासकार ती बाजूला ठेवील. भाषाभ्यासकाने मात्र ती टाकून देऊ नये. दोर तुटल्याची कथा ही ‘हा मृत्यू आम्हांला मान्य नाही’ हे सांगण्याची मौखिक परंपरेची रीत आहे. अहवालातील वाक्य जे सांगत नाही ते हे वाक्य सांगते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आदिवासी संघटनांनी ही स्मृती पुन्हा सार्वजनिक केली. दरवर्षी २१ ऑक्टोबर रोजी चंद्रपूरच्या कारागृहातील पिंपळाजवळ अभिवादनासाठी लोक जमतात. १२ मार्च २००९ रोजी भारतीय डाकखात्याने बाबूरावांचे तिकीट काढले. हा स्मृतीचा विजय आहे यात संशय नाही. तथापि या पुनरुज्जीवनाची एक किंमत आहे. पुन्हा उभी राहिलेली कथा बहुतांशी मराठीत व हिंदीत आहे. भाषणे, पुस्तिका, फलक त्याच भाषांत आहेत. गोंडी कथनातील गावोगावचे तपशील, तेथील ओढे, डोंगर, देवस्थाने व नातेसंबंध यांच्याशी बांधलेले प्रसंग, हे या प्रमाणित कथेत पुरते उतरत नाहीत. वीरपुरुषाचे नाव मोठे होते आणि त्याच्याबरोबर मेलेल्यांची नावे आणखी पुसट होतात. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख लोक देशभर नोंदले गेले, परंतु ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि गोंड समाजाचा मोठा भाग मराठी, हिंदी वा तेलुगूकडे वळला आहे. जी स्मृती गोंडीत साठलेली आहे ती भाषेबरोबरच जाते. भाषांतरात घटना येते. ती सांगणाऱ्याचे ‘आम्ही’ येईलच असे नाही.

५. १९४२ : दिवस उरला, साक्ष गेली

तिसरा प्रसंग दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर येथे मिरवणूक निघाली. त्या दिवसांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तो परिसर भारावला होता. पोलिसांनी गोळीबार केला. बालाजी रायपूरकर व अन्य माणसे मृत्युमुखी पडली. चिडलेल्या जमावाच्या हातून उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध व एक शिपाई मारले गेले. १९ ऑगस्टला लष्कर व पोलिसांच्या तुकड्या गावात शिरल्या. पुरुषांची धरपकड झाली आणि स्त्रियांवर अत्याचार झाले.

या घटनेच्या बाबतीत विस्मृतीचा पहिला प्रयत्न काळाने नव्हे, सरकारने केला. बातम्यांवर बंदी होती. नागपूरहून गेलेल्या स्त्रियांनी गावातील स्त्रियांचे म्हणणे ऐकले, परंतु चौकशीची मागणी सरकारने मान्य केली नाही. तेव्हा सेवाग्रामचे प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी यांनी उपोषण आरंभिले. त्यांच्या उपोषणाच्या बातम्यांवरही बंदी आली आणि तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी आपले अंक बंद ठेवले. ६३ दिवसांचे हे उपोषण १२ जानेवारी १९४३ रोजी संपले. फाशीची शिक्षा झालेल्या चिमूर व आष्टीच्या आरोपींचे प्राण वाचविण्यासाठी अनसूयाबाई काळे यांनी अथक खटपट केली आणि अखेरीस चिमूरच्या कैद्यांच्या फाशीच्या शिक्षा रद्द होऊन त्यांचे रूपांतर जन्मठेपेत झाले. चिमूरची स्मृती आज आहे, याचे बरेचसे श्रेय त्या पहिल्या सहा महिन्यांत ती मरू न देणाऱ्या या माणसांना आहे. घटनेनंतरच्या अल्पकाळात जे नोंदले गेले नाही, ते पुढे कोणत्याही संशोधनाने पूर्णपणे परत मिळत नाही.

१८१८ च्या तुलनेत चिमूरला सर्व आधार मिळाले. दिवस निश्चित आहे, सणाशी जोडलेला आहे, गाव तेच आहे, वंशज तेथेच आहेत आणि घटना राष्ट्रीय कथेत बसते. दरवर्षी ऑगस्टमध्ये हुतात्म्यांचे स्मरण होते. ‘क्रांतिभूमी’ हे विशेषण गावाच्या नावाला चिकटले आहे, आणि स्वतंत्र चिमूर जिल्ह्याच्या मागणीच्या पाठीशीही हीच स्मृती उभी केली जाते. असे असूनही या स्मृतीत दोन मोठी रिकामी स्थाने आहेत.

पहिले स्थान स्त्रियांचे. त्यांच्या बाबतीत जे घडले ते सांगण्यासाठी वापरला जाणारा शब्द आहे ‘अत्याचार’. हा शब्द सांगतोही आणि झाकतोही. त्याच्यात मारहाणीपासून बलात्कारापर्यंत सर्व काही मावते आणि म्हणूनच नेमके काहीच दिसत नाही. ज्या समाजात अशी गोष्ट बोलणाऱ्या स्त्रीचीच अब्रू जाते, तेथे ही भाषा समजण्यासारखी आहे; ती स्त्रियांचे रक्षण करणारी भाषा होती. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, या स्त्रियांच्या बाबतीत ‘आमच्या आजीने सांगितले’ ही दुसरी पायरी बहुधा आलीच नाही. पहिल्या पायरीवरून स्मृती एकदम चौथीवर गेली : ‘स्त्रियांवर अत्याचार झाले.’ हे वाक्य खरे आहे, पण त्याच्यामागे नाव नाही, घर नाही, आवाज नाही. मिरवणुकीतील हुतात्म्याला दरवर्षी फुले मिळतात. त्याच गावातील ज्या स्त्रियांनी उरलेले आयुष्य ती तीन-चार दिवसांची आठवण घेऊन काढले, त्यांच्या वाट्याला एक भाववाचक नाम आले.

दुसरे स्थान मारल्या गेलेल्या अधिकाऱ्यांचे. तेही याच देशातले नोकरदार होते, त्यांनाही घरे होती. वीरकथेत त्यांना जागा नाही आणि ज्या सरकारची नोकरी त्यांनी केली ते सरकारच उरले नाही. त्यांची अवस्था १८१८ च्या शिबंदीसारखी झाली. लोकस्मृती न्यायाधीश नसते. तिला जो अर्थ हवा असतो त्या अर्थाला उपयोगी पडणारे मृत ती ठेवते आणि बाकीच्यांना सोडून देते.

१९४२ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेले आहे. आसमानने सांगितलेली ऐंशी वर्षांची मर्यादा चिमूरच्या बाबतीत उलटली. आता ‘मी पाहिले’ हे वाक्य बोलणारे फारसे कोणी उरलेले नाही आणि ‘ती सांगायची’ हे वाक्य बोलणारी पिढीही वृद्ध झाली आहे.

६. शब्द टिकतो, शोक जातो

स्मृतीच्या क्षयाची शेवटची अवस्था कशी असते हे पाहण्यास या प्रदेशाबाहेरचे, पण सर्व मराठी भाषिकांच्या ओळखीचे उदाहरण उपयोगी पडेल. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा जो संहार झाला त्याने महाराष्ट्रातील असंख्य घरे शोकात बुडाली. त्या संहाराने भाषेला अनेक शब्दप्रयोग दिले. ‘पानिपत होणे’ म्हणजे पूर्ण वाताहत होणे. सदाशिवरावभाऊंच्या रणातील गोंधळावरून आलेला ‘भाऊगर्दी’ हा शब्द आज इच्छुक उमेदवारांच्या संख्येसाठी वापरला जातो. ‘गर्दी’ या शब्दाचा जुना अर्थ दंगल, धुमाळी, कत्तल असा. १८५७ च्या उठावास ‘शिपाईगर्दी’ म्हणत ते याच अर्थाने. आज गर्दी म्हणजे बाजारातील वा गाडीतील दाटी. हे शब्द वापरताना कोणालाही रणावरचे प्रेत आठवत नाही.

यात दोष देण्यासारखे काही नाही. वाक्प्रचार होणे म्हणजे मूळ प्रसंगापासून सुटणे. पण त्यातून एक तत्त्व हाती येते. घटना भाषेत दोन प्रकारे राहू शकते, कथन म्हणून आणि शब्द म्हणून. कथनाला सांगणारा लागतो, शब्दाला लागत नाही. म्हणून शब्द दीर्घायुषी असतो आणि शोकाचे वहन करण्यास असमर्थ असतो. चांद्याच्या पाडावाने असा एखादा वाक्प्रचारही दिला नाही. केवळ स्थानकाच्या नावातील ‘फोर्ट’ हा शब्द राहिला. ‘चिमूर’ आज कथन आणि शब्द यांच्या सीमेवर आहे. ‘शेडमाके’ हे नाव गोंडीत अजून कथन आहे, मराठीत ते झपाट्याने गौरवशब्द होत आहे.

७. वर्तमानाचा प्रश्न

हा विषय केवळ जुन्या काळाचा नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून निराळा झालेला गडचिरोली जिल्हा त्याच सुमारापासून सशस्त्र हिंसाचाराचे क्षेत्र झाला. येथे गोंडी, माडिया, मराठी, तेलुगू, छत्तीसगढी आणि पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची बंगाली या भाषा शेजारी शेजारी नांदतात. या हिंसाचारातील मृतांची स्मृती आताच दोन परंपरांत विभागली गेली आहे. पोलिसांच्या हुतात्म्यांची स्मारके आहेत; माओवाद्यांनीही आपल्या मृतांची स्मारके गावोगाव उभारली आणि त्यांच्यासाठी वर्षातील एक सप्ताह ठरविला. या दोहोंत ज्यांना जागा नाही, ते ‘खबऱ्या’ ठरवून रात्री घरातून नेऊन मारलेले गावकरी आणि दोन्ही बाजूंच्या भीतीने गाव सोडलेली कुटुंबे. त्यांच्यासाठी वापरले जाणारे शब्द, ‘खबऱ्या’, ‘चकमक’, तेलुगूतून आलेला ‘दलम’, हे सर्व बंदूक धरणाऱ्यांच्या कोशातले आहेत. मेलेल्याच्या आईचा शब्द कोणत्याही कोशात नाही.

वरील तीन प्रसंगांवरून या मृतांचे पुढे काय होईल याचा अंदाज करता येतो. ज्यांना संघटना आहे त्यांना १८५८ ची वाट मिळेल, ज्यांना राज्य आहे त्यांना १९४२ ची, आणि बाकीच्यांना १८१८ ची. त्यांच्या घरची साक्ष बहुतांशी गोंडीत व माडियात आहे. ती आज ‘मी पाहिले’ या पायरीवर आहे. चाळीस वर्षांनी ती ‘म्हणे’वर येईल.

८. सारांश

युद्धकालीन आपत्तीची लोकस्मृती क्षीण होते ती वर्षांच्या संख्येने नव्हे, तर वारस, भाषा, स्थळ व दिवस या चार आधारांपैकी कोणते आधार टिकले यावरून. स्थळ एकटे पुरत नाही, हे चांद्याच्या तटाने दाखविले. भाषा व वारस असतील तर लेखी नोंदीशिवायही स्मृती शतकभर टिकते, हे शेडमाक्यांच्या कथेने दाखविले. दिवस, वारस व राष्ट्रमान्यता असूनही ज्या दुःखाला बोलण्याची भाषा मिळाली नाही ते नाहीसे होते, हे चिमूरने दाखविले. प्रत्येक वेळी प्रथम नाहीसा होतो तो विशिष्ट माणसाचा विशिष्ट शोक. सर्वांत शेवटपर्यंत उरते ते नाव.

यावरून भाषाविभागांच्या कामाची दिशाही सूचित होते. मौखिक साक्षीची नोंद करताना ती मूळ भाषेत, सांगणाऱ्याच्या सर्वनामांसह व त्याच्या ‘म्हणे’सह घेतली पाहिजे. सुबोध मराठीत केलेला तिचा गोषवारा पुरेसा नाही. गोषवाऱ्यात घटना वाचते, पण कोणी पाहिले, कोणाकडून ऐकले आणि कोणाला ‘आम्ही’ म्हटले हे जाते. आणि नेमके तेच स्मृतीला इतिहासाच्या कोरड्या वाक्यापासून वेगळे करते.